नकाशावरचे ठिपके आणि मकरपुऱ्याहून निघणारा टेम्पो

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. बडोद्यात तुमच्या घरची फरसाण आणि ताज्या नाश्त्याची ९ दुकानं आहेत, कारखाना मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत. स्पर्धेतल्या एका साखळीची ६४ दुकानं मध्य गुजरातभर आहेत आणि त्यांची पत्त्यांसकट यादी त्यांच्याच वेबसाइटवर आहे. त्यातली ५ आणंदला, १ भरूचला. वडील म्हणतात दहावं दुकान आणंदला काढू, तुमच्या मनात भरूच आहे. लोकेशन डेटावरून त्या साखळीचा पसारा कसा वाचायचा, आणि त्यातून स्वतःचा निर्णय कसा करायचा?

हे काम मी २२ वर्षं करते आहे, औषधांच्या दुकानांपासून दूध केंद्रांपर्यंत. उत्तर लांबणार आहे, कारण जिथे माणसं हमखास चुकतात तिथे मला थांबून बोलायचं आहे.

ताजा माल विकणाऱ्या साखळीचा पसारा दुकानांवरून दिसतो, पण ठरतो माल जिथून निघतो तिथून. ६४ ठिपके लावून झाले की बहुतेक जण 'इथे दाट, तिथे विरळ' एवढं म्हणून थांबतात. मी पहिल्यांदा शोधते ती त्यांची भट्टी. सकाळी गाडी कुठून सुटते, आणि कितव्या दुकानापर्यंत माल खाण्याजोगा पोचतो? तुमच्या धंद्यात तर याला दोन परीघ आहेत. खमणाचा एक, भाकरवडीचा दुसरा. खमण सकाळी मऊ असतं आणि संध्याकाळी कोरडं पडायला लागतं. भाकरवडी आठवडे टिकते. त्यामुळे त्या ६४ पैकी लांबची काही दुकानं मुळात फक्त कोरड्या मालाचे काउंटर असण्याची दाट शक्यता आहे. यादीत सगळी एकसारखी दिसतात, कारण यादीत फक्त पत्ता आहे. दुकानांचे लोकांनी टाकलेले फोटो उघडा, मागच्या फळीवर गरम माल दिसतो का ते पाहा, आणि प्रत्येक ओळीपुढे 'ताजा' किंवा 'कोरडा' असा एक रकाना भरा. तासाभराचं काम आहे. त्यानंतर नकाशा दोन रंगांत काढलात तर भट्टी कुठे असेल ते बहुधा आपोआप दिसेल.

हे नुसतं फरसाणाचं नाही. वॉलमार्टचं पहिलं दुकान १९६२ साली आर्कान्सा राज्यातल्या रॉजर्स या लहान गावात निघालं आणि पुढची दुकानं तिथून शाई झिरपावी तशी पसरली. लांब उडी मारायची आणि मधली जागा नंतर भरायची, हा मार्ग त्यांनी धरला नाही. थॉमस होम्स या अर्थशास्त्रज्ञाने २०११ साली त्याचा हिशोब मांडला. दुकानं जवळजवळ असली की ती एकमेकांचं गिऱ्हाईक खातात, तरीही वाहतूक आणि पुरवठ्यात जे वाचतं ते त्याहून जास्त भरतं, असा त्याचा निष्कर्ष. आपल्याकडे २००२ मध्ये मुंबईत सुरू झालेलं डी-मार्टही आपल्या विस्ताराला क्लस्टर पद्धतच म्हणतं, म्हणजे एका भागात जवळजवळ दुकानं काढत जाणं. आणि बडोद्याला तर ही कल्पना फार जुनी. सयाजीराव महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला १९१० साली इथे आणलं, आणि पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरू लागल्या. संस्थानाचा मुलूख बडोदा, कडी, नवसारी, अमरेली असा तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला. पेटी जायची, वाचून परत यायची, दुसरी जायची. मला त्या पेट्यांच्या फेऱ्यांत आजच्या टेम्पोचीच फेरी दिसते.

आता यादीकडे येऊ. ६४ पत्ते जिओकोडरमध्ये, म्हणजे पत्त्यावरून नकाशावरचा बिंदू शोधणाऱ्या साधनात, टाकले की दहा मिनिटांत ६४ लॅट-लाँग (अक्षांश-रेखांश) हातात पडतात, आणि घात होतो तो इथेच. आपला पत्ता म्हणजे अमुक बँकेसमोर, तमुक शाळेच्या मागे. जिओकोडरला ते उमगलं नाही तर तो बहुतेकदा 'सापडलं नाही' असं सांगत नाही. पिनकोडच्या भागाचा मध्यबिंदू देऊन मोकळा होतो, तेही जमलं नाही तर शहराचा मध्य देतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका औषधसाखळीच्या नकाशावर मांडवीपाशी ७ दुकानं एकवटलेली दिसली. जुन्या शहरात यांची पकड घट्ट आहे, असं मी अहवालात लिहून दिलं. प्रत्यक्षात त्यातलं एकच दुकान तिथे होतं. बाकीची गोरवा, तरसाली आणि वाघोडिया रोडला. पत्ता न कळल्यामुळे सगळ्यांना शहराचा मध्य मिळाला होता. मालकांच्या मुलाने नकाशा पाहताक्षणी ते ओळखलं, आणि त्या अहवालावरून जुन्या शहरातला एक गाळा नाकारायचं ठरत आलं होतं, ते तेवढ्यात थांबलं.

तेव्हापासून मी नकाशा काढण्याआधी आकडेच वाचते. दोन दुकानांना तंतोतंत एकच लॅट-लाँग आहे का? दशांशचिन्हानंतर किती आकडे आहेत? पाच असतील तर बिंदू साधारण मीटरभराच्या अचूकतेने लिहिलेला असतो. दोनच असतील तर तो किलोमीटरभर सरकलेला असू शकतो. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली आहे का? बडोदा २२.३ उत्तर, ७३.२ पूर्व, उलट लिहिलं तर तुमचं दुकान नॉर्वेच्या उत्तरेला बॅरेंट्स समुद्रात जातं. ती चूक निदान डोळ्यांत तरी भरते. आपल्याच शहरात, शेजारच्या रस्त्यावर पडलेली चूक कुणालाच दिसत नाही.

पडताळणीला पिनकोड फार उपयोगी. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू आहे. बडोदा शहराचे पिन ३९० ने सुरू होतात, पाद्रा-डभोईकडचे ३९१ ने, आणंद ३८८, भरूच ३९२, अंकलेश्वर ३९३. पत्त्यात ३९२ आहे आणि बिंदू कारेलीबागेत पडलाय, तर ती ओळ लाल करून ठेवा. पण पिनकोडनिहाय दुकानं मोजून त्याला बाजारपेठेचं विश्लेषण म्हणू नका. ते भाग टपाल वाटण्याच्या सोयीने पाडलेले आहेत, गिऱ्हाईक त्या रेषा पाळत नाही.

शंका असलेल्या प्रत्येक पत्त्यावर फोन करा. त्यांच्या बडोद्यातल्या दुकानांपैकी निदान १० दुकानांवर स्वतः जाऊन पाव किलो काहीतरी विकत घ्या. ते यासाठी की बिल हातात येतं. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, गुजरातला २४. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. दोन दुकानांच्या बिलांवर ही दहा अक्षरं वेगळी असतील तर ती एका मालकीची नाहीत, बहुधा एखादं फ्रँचायझीचं आहे. हा फरक नकाशा वाचताना कळीचा ठरतो. कंपनीने स्वतः काढलेलं दुकान म्हणजे कंपनीने त्या जागेवर लावलेला पैसा. फ्रँचायझीचं दुकान पुष्कळदा एवढंच सांगतं की तिथे कुणाकडे गाळा रिकामा होता आणि हातात पैसे होते. आणंदची पाचही दुकानं फ्रँचायझीची निघाली, तर 'त्यांना आणंदमध्ये मोठी संधी दिसली' या वाक्यातला अर्धा जीव जातो.

पुढचं काम अंतराचं. दुकानाभोवतीचं ठरावीक अंतराचं वर्तुळ, म्हणजे बफर, अंशांमध्ये काढू नका. एक अंश अक्षांश सुमारे १११ किलोमीटर, पण आपल्या इथे एक अंश रेखांश सुमारे १०३ किलोमीटर, म्हणून वर्तुळ जमिनीवर चपटं होतं. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये दुकानांचा थर यूटीएम झोन ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत, म्हणजे कोड ३२६४३ मध्ये बदलून घ्या. बडोदा, आणंद, भरूच तिन्ही त्यातच येतात.

खरं सांगायचं तर वर्तुळाचा उपयोग मी फक्त पहिल्या दिवशी करते. अलकापुरीहून दांडिया बाजार सरळ रेषेत तीनेक किलोमीटर. नकाशावर एकाच वर्तुळात बसतील. पण मध्ये आधी रेल्वे लागते, मग विश्वामित्री. पावसाळ्यात अलकापुरीचं रुळांखालचं गरनाळं तुंबलं की पश्चिमेकडचा माणूस नाश्त्यासाठी रूळ ओलांडत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. बडोद्याच्या बाजारपेठा रूळ आणि नदी यांनी कापलेल्या आहेत. गोत्री-वासणा एक जग, सयाजीगंज-फतेहगंज दुसरं, रावपुरा-मांडवी-कारेलीबाग तिसरं, आणि मांजलपूर-मकरपुरा दक्षिणेकडचं चौथं. त्यांची दुकानं या चार तुकड्यांत वेगवेगळी मोजा. मग जी विरळ जागा दिसेल ती खरी असेल.

म्हणून वर्तुळाऐवजी वेळेचा परीघ काढा: दुकानापासून दहा मिनिटांत कुठवर पोचता येतं. ओपनरूटसर्व्हिससारखं साधन ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशातल्या रस्त्यांवरून तो आकार काढून देतं. त्याला आपल्या रस्त्यांवरची संध्याकाळची गर्दी कळत नाही, तेव्हा त्याच्या मिनिटांवर विसंबू नका. तुमच्या टेम्पोत जीपीएस असेल तर दोन महिन्यांच्या फेऱ्यांच्या वेळा काढा. तेवढा अस्सल डेटा तुम्हाला विकतही मिळणार नाही.

रस्त्यांच्या नकाशाला तारीख असते, हेही विसरू नका. पाद्रा तालुका आणि आणंद जिल्हा यांना जोडणारा महीवरचा गंभीरा पूल १९८५ चा. तो ९ जुलै २०२५ ला कोसळला. माणसं गेली, त्या घरांचं नुकसान कुठल्याच नकाशात मावणारं नाही. पण त्या दिवसापासून पाद्र्याच्या बाजूचा माणूस पलीकडच्या बोरसदच्या बाजारापासून तुटला, वळसा घालून जाऊ लागला. त्याआधी काढलेला ड्राइव्ह-टाइमचा प्रत्येक नकाशा त्या पट्ट्यापुरता खोटा ठरला. नर्मदेवर उलट घडलं. भरूचजवळचा महामार्गावरचा नवा पूल २०१७ मध्ये सुरू झाला आणि जिथे ट्रक तासन् तास अडकायचे तिथली कोंडी फुटली. त्या साखळीने एखाद्या गावी दुकान त्या वेळी का काढलं नाही, याचं उत्तर कधीकधी अशा एखाद्या पुलात असतं.

इथून मी काळाच्या प्रश्नाकडे येते, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नातला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे. आजची यादी म्हणजे एक फोटो. कुठलं दुकान आधी निघालं, कुठलं नंतर, आणि कुठलं बंद पडलं, हे कळल्याशिवाय त्यांची चाल कळत नाही. वेबसाइटांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीनवर त्यांच्या वेबसाइटची जुनी पानं मिळाली तर दर वर्षाची यादी उतरवून घ्या. नाही मिळाली तर प्रत्येक दुकानावरचा सगळ्यात जुना ग्राहक-अभिप्राय शोधा. दुकान निदान त्या तारखेला उघडं होतं एवढं पक्कं. 'कायमचे बंद' असा शिक्का बसलेली दुकानं तर एकही सोडू नका. बंद दुकानांचा नकाशा वेगळा काढा. चालू दुकान सांगतं की त्यांना काय जमलं. बंद दुकानावरून कळतं की काय जमलं नाही; तो धडा त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतला आहे आणि तुम्हाला तो फुकट मिळतोय.

भरूचचं एकटं दुकान याच चाळणीतून पाहा. एकटं दुकान दोन प्रकारचं असतं. एक बियाणं, ज्याच्या आजूबाजूला वर्ष-दोन वर्षांत आणखी दोन उगवतात. दुसरं अडकलेलं, जे भाडेकरार संपेपर्यंत चालवायचं म्हणून चालू आहे. ते चार वर्षांपूर्वी निघालं असेल आणि अजून एकटंच असेल, तर मी त्याला अडकलेलं म्हणेन, आणि का अडकलं ते शोधायला तिथे जाईन. त्यांची भट्टी उत्तरेला, आणंदच्या बाजूला असेल तर उत्तर सोपं आहे: त्यांना भरूच लांब पडतं. तुमची भट्टी मकरपुऱ्यात आहे. त्यांना जे लांब ते तुम्हाला तितकं लांब नाही.

लोकसंख्येचा आकडा वापराल तिथे सावध राहा. दर लाख माणसांमागे दुकानं किती, हा हिशोब सगळे करतात, आणि खालचा आकडा मात्र २०११ च्या जनगणनेचा असतो. त्या जनगणनेत बडोदा जिल्हा ४१ लाख ६५ हजारांचा, पण त्यात छोटाउदेपूरही होतं. ते २०१३ मध्ये वेगळं झालं. आजच्या जिल्ह्यातली दुकानं त्या आकड्याने भागलीत तर बडोदा जिल्हा उगीच ओसाड दिसेल. शहराच्या पातळीवर काम करा: तेव्हा बडोदा १६ लाख ७० हजार, आणंद जवळजवळ २ लाख, भरूच १ लाख ६९ हजार. म्हणजे आणंद आणि भरूच आकाराने फार वेगळी नाहीत, आणि एकीकडे ५ दुकानं तर दुसरीकडे १. फरक माणसांच्या संख्येचा नसून दुसऱ्या कशाचा तरी आहे. भायलीसारख्या भागांत २०११ नंतर उठलेल्या सोसायट्यांसाठी वर्ल्डपॉप या प्रकल्पाचे १०० मीटर चौकटींचे लोकसंख्येचे अंदाज घ्या, पण उपग्रहचित्रावर इमारती मोजून ते एकदा ताडून पाहा.

पुस्तकी पद्धतींबद्दल थोडक्यात. हफ यांचं १९६० च्या दशकातलं मॉडेल तुम्हाला कुणीतरी सुचवेलच: दुकान जितकं मोठं तितकं ओढ लावणारं, जितकं लांब तितकी ओढ कमी. कपड्यांच्या किंवा किराणा मालाच्या मोठ्या दुकानांना ते चांगलं लागू पडतं. सकाळच्या फाफड्यासाठी माणूस इतका विचार करत नाही. जो वाटेत लागतो त्याच्याकडे थांबतो. तुमच्यासाठी घरून कामावर जायच्या रस्त्याची बाजू, म्हणजे डावीकडे दुकान की उजवीकडे, ही हफच्या गणितापेक्षा जास्त महत्त्वाची.

डेटा गोळा करताना नियम पाळा. त्यांच्या वेबसाइटवरची यादी हाताने उतरवणं ६४ ओळींसाठी सहज शक्य आहे, त्याला स्क्रिप्टची गरज नाही. गूगल मॅप्सच्या अटींमध्ये तिथली माहिती मोठ्या प्रमाणावर उचलून साठवायला मनाई आहे. वाचायला, पाहायला वापरा, डेटाबेस त्यावर उभा करू नका. ओपनस्ट्रीटमॅप श्रेय देऊन वापरता येतं, पण तिथे आपल्या भागातली दुकानं अपुरी आहेत; तुम्ही पडताळलेली तुमची स्वतःची ९ दुकानं तिथे टाकलीत तर पुढच्याचं काम सोपं होईल. काही जण मोबाइलच्या हालचालींचा डेटा विकायला येतील. तुमच्या आकाराच्या धंद्याला तो घेऊ नका असं मी स्पष्ट सांगते. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तो कुणाच्या संमतीने आला हे विचारण्याची जबाबदारी आपली आहे, आणि बहुतेक वेळा समाधानकारक उत्तर मिळत नाही. त्यापेक्षा गल्ल्यावरच्या माणसाला दोन आठवडे एकच प्रश्न विचारायला सांगा: "कुठून आलात?" भागाचं नाव लिहा, माणसाचं नाव किंवा नंबर नको.

हा दोन आठवड्यांचा कागद आणि प्रत्येक दुकानातून रात्री परत येणारा माल, या दोन गोष्टी तुमच्याकडे आहेत आणि त्या साखळीच्या ६४ ठिपक्यांवरून कधीच कळणार नाहीत. परत येणारा माल टेम्पोच्या क्रमाने मांडा. शेवटच्या दोन दुकानांतून खमण जास्त परत येत असेल तर तुमचा ताज्या मालाचा परीघ आजच संपतोय, आणि दहावं दुकान कुठेही काढलं तरी आधी दुसरा टेम्पो लागेल.

आता निर्णय. आणंदला जाण्यात मला धोका दिसतो तो स्पर्धेचा नाही, दिशेचा. मकरपुऱ्याहून आणंदला जायचं तर बडोद्याला वळसा घालून किंवा ओलांडून उत्तरेला जावं लागतं, वासदला मही पार करावी लागते, आणि तिकडे त्यांची ५ दुकानं एकाच गाडीतून माल घेत असणार. तुमच्या एका दुकानाला तो सगळा फेरा एकट्याने पेलावा लागेल. वडिलांचं म्हणणं मात्र एका बाबतीत मला पटतं: चरोतरात, म्हणजे आणंदच्या भागात, हिवाळ्यात परदेशातले नातलग येतात आणि टिकाऊ मालाच्या पिशव्या भरून नेतात. तिथे पुढेमागे भाकरवडी-चेवड्याचा काउंटर जरूर काढा. त्याला रोज गाडी लागत नाही.

भरूच मला पटतं, पण एकटं दुकान म्हणून नाही. जाऊन-येऊन सुमारे १५० किलोमीटरची फेरी आहे. एका दुकानासाठी ती केली तर सगळं डिझेल आणि चालकाची अर्धी पाळी त्याच्याच अंगावर. तीन दुकानांसाठी केली तर खर्च तिसऱ्या हिश्श्यावर येतो. भरूचला दोन आणि पूल ओलांडून अंकलेश्वरला जीआयडीसीकडे एक, असे तीन गाळे वर्षाच्या आत मिळत असतील तर जा. एकच मिळत असेल तर थांबा आणि दहावं दुकान मांजलपूर-तरसाली पट्ट्यात, भट्टीच्या सावलीत काढा. तिथे नवव्या दुकानाचं गिऱ्हाईक थोडं कमी होईल, ते सोसा.

भरूचला जाल तेव्हा शनिवारी सकाळी ७ ते १० त्यांच्या दुकानासमोर थांबा. माल कितीला उतरतो आणि गाडीवर कुठला पासिंग क्रमांक आहे ते लिहून घ्या. जीजे-०६ म्हणजे गाडी बडोद्याची, जीजे-२३ म्हणजे आणंदची. मग साफ केलेली यादी मला पाठवा, प्रत्येक ओळीपुढे पडताळणीची तारीख, ताजा की कोरडा, आणि पॅन जुळतो की नाही हे तीन रकाने भरून.